दुसरं नाव

फॉर्म एकाच पानाचा होता. आईचं नाव, वय, रक्तगट, कशाची ॲलर्जी, आधी झालेली ऑपरेशनं. सगळं मला तोंडपाठ होतं. गेल्या दोन महिन्यांत ते इतक्या खिडक्यांवर सांगून झालं होतं की कुणी माझा रक्तगट विचारला असता तरी मी आईचाच सांगितला असता. खाली ‘तातडीच्या वेळी संपर्क’ असं लिहून दोन ओळी सोडल्या होत्या. पहिल्या ओळीत मी माझं नाव घातलं, नात्याच्या रकान्यात ‘मुलगी’ लिहिलं. दुसऱ्या ओळीशी पेन अडलं. फॉर्म तसाच पुढे सरकवला तर काउंटरवरची सिस्टर मान वर न करता म्हणाली, “दुसरं नाव राहिलं.” म्हटलं, नंतर भरते. “नंतर कुणी भरत नाही. आत्ताच लिहा. तुमचा फोन लागला नाही तर आम्ही कुणाला करायचा?” मी दादाचं नाव लिहिलं. तिने त्याच्या नंबराच्या सुरुवातीचे आकडे पाहिले, मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. “हे परदेशात असतात ना? बोलावलं तर किती वेळात येतील?”

मी हसले. तिने ती ओळ एका रेघेने खोडली आणि फॉर्म परत दिला.

त्या दिवशी आईची पहिली केमो होती. लाल औषध. खरं नाव डॉक्सोरुबिसिन, पण तिथे कुणी ते नाव घेत नाही. सिस्टर पलंगाशेजारी बसून जाड सिरिंजमधून ते हळूहळू, सलाईनच्या धारेसोबत सोडत असते आणि मध्येमध्ये विचारते, हाताला जळजळ नाही ना? आई म्हणत होती, नाही, आणि नजर त्या नळीतल्या लालीवरून हलवत नव्हती. दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी लाल होईल, घाबरू नका, असं आधीच बजावलेलं होतं. मी बाजूच्या खुर्चीत फॉर्म मांडीवर घेऊन फोनमधली नावं खालीवर करत होते. नावांना काही तोटा नव्हता. बातमी कळल्यापासून फोन नुसता वाजत होता. हक्काने सांग. निःसंकोच सांग. परकं समजू नकोस. आणि सगळ्यात जास्त वेळा, अर्ध्या रात्री हाक मार. एकेका नावाशी थांबून मी मनातल्या मनात अर्ध्या रात्री हाक मारून पाहिली. हिचं मूल लहान आहे. याचा गुडघा दुखतो. ही येईल, पण सकाळपर्यंत अख्ख्या नातेवाइकांना तापमानासकट बातमी पोचलेली असेल. हा येईल, पण आल्यावर त्यालाच कुणीतरी सावरावं लागेल. सिरिंज रिकामी होईपर्यंत मी साठेक माणसं नापास केली होती.

त्यातल्या एकालाही मी विचारलं नव्हतं. त्यांच्या वतीने नकारही मीच देऊन मोकळी झाले होते. हे माझ्या लक्षात यायला पुढे बराच काळ गेला. त्या वेळी मला आपण फार एकटे पडलोय एवढंच दिसत होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्या एकटेपणात थोडा रुबाबही वाटत होता.

शुश्रूषा म्हटलं की डोळ्यांसमोर उशाशी बसलेलं माणूस येतं, कपाळावर हात वगैरे. मी कपाळाला हात लावायचे तो ताप बघायला. बाकीचा वेळ हिशेबात जायचा. माझ्याकडे एक लांबट वही होती, तिच्यात केमोचा दिवस म्हणजे पहिला दिवस, तिथपासून एकवीसपर्यंत मोजायचं आणि परत एक. पहिले दोन-तीन दिवस मळमळीवर दिलेल्या स्टेरॉइडमुळे आईला झोप नसायची. रात्री दोनला ती टक्क जागी असायची आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी बोलायची, भराभर, न थांबता. चौथ्या दिवशी स्टेरॉइड उतरलं की भिंतीकडे तोंड करून गप्प. सातव्यापासून चौदाव्यापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला जाण्याची भीती. तेव्हा गर्दी नको, सर्दी झालेलं माणूस नको, आणि ताप ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला तर दिवस असो की रात्र, थेट दवाखाना. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल द्यायची नाही, कारण गोळीने आकडा खाली येतो आणि आतलं इन्फेक्शन तसंच राहतं. यातलं काहीच अवघड नव्हतं. फक्त ते थांबत नव्हतं. आणि ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्याला नेमकं काय सांगायचं हे ठरवायलाच अर्धा तास शांत बसावं लागलं असतं. कुठलं काम वेगळं काढता येईल, ते कुणाला जमेल, त्याला काय काय समजावून द्यावं लागेल, त्याने चूक केली तर मी काय करणार. तो अर्धा तास मिळत नाही म्हणूनच तर मदत हवी असते.

मावशी आली तेव्हा आईचे केस गळायला लागून तीन दिवस झाले होते. मावशी दारातच रडायला लागली. आईने तिला बसवलं, पाठीवरून हात फिरवला, मला पाणी आणायला सांगितलं. तासाभराने मावशी हलकी होऊन निघाली आणि आई पुढचे दोन तास उठली नाही. मला मावशीचा इतका राग आला की मी तिचा पाण्याचा पेला जोरात आदळला. नंतर कुठेतरी सुझन सिल्क या मानसशास्त्रज्ञ बाईंची एक साधी आकृती वाचनात आली. बॅरी गोल्डमन यांच्यासोबत त्यांनी ती २०१३ साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये मांडली होती. मधल्या वर्तुळात आजारी माणूस. त्याच्याबाहेर सगळ्यात जवळचं माणूस, मग त्याबाहेरचे, मग त्याहून लांबचे. आत बोलताना धीर द्यायचा, रडगाणं फक्त बाहेरच्या वर्तुळाकडे गायचं. सिल्क बाईंच्या स्वतःच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर एक सहकारी भेटायला येऊ पाहत होती. यांनी नको म्हटलं, तर ती म्हणाली, हे काही फक्त तुझ्या एकटीबद्दल नाही. आकृती त्यातून सुचली. मला ती एकदम पटली, मावशीला फोटो काढून पाठवावी इतकी पटली. पाठवली नाही. कारण आपल्याकडे एखादं माणूस कितव्या वर्तुळात येतं, हे कोण ठरवणार? मावशी आईहून दोन वर्षांनी लहान. साठ वर्षं ती आईकडेच रडत आलीय. तिच्या दृष्टीने ती मधोमधच होती. आणि आईला तो दिवस नकोसा झाला होता असंही नाही. रात्री ती म्हणाली, “आज बऱ्याच दिवसांनी माझा कुणाला तरी उपयोग झाला.”

दादा दुसऱ्या केमोच्या आधी आठ दिवस येऊन गेला. येताना प्रश्नांची छापील यादी घेऊन आला. हेच औषध का, दुसरं मत घेतलं का, हा डॉक्टर किती वर्षांचा आहे, आईचं वजन इतकं कसं उतरलं, तू तिला खायला नीट देत नाहीस का? शेवटच्या प्रश्नानंतर मी दोन दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलले. अशा माणसाला डॉक्टर मंडळींनी नाव ठेवलेलं आहे, हे मला पुढे कळलं. ‘कॅलिफोर्नियातली मुलगी’. १९९१ साली एका वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखात ते आलं. लांब राहणारं मूल ऐन वेळी विमानाने उतरतं आणि तोवर ठरलेलं सगळं उलटंपालटं करू पाहतं. गंमत म्हणजे खुद्द कॅलिफोर्नियात याच माणसाला ‘न्यूयॉर्कची मुलगी’ म्हणतात. म्हणजे अपराधी वाटणारं मूल नेहमी दुसऱ्या गावचं. मी हे वाचून खूप हसले, आणि मग दादाला फोन केला. आमची रात्र म्हणजे त्याचा भरदिवस. स्टेरॉइडच्या रात्री आई जागी असते, तू तेव्हा तिच्याशी बोलशील का? त्यानंतर त्या रात्री त्याच्या झाल्या. तो ऑफिसात कानात हेडफोन घालून बसायचा, ती बोलत राहायची, आणि मी पलीकडच्या खोलीत दार लावून चार तास झोपायचे. विम्याची सगळी कागदपत्रंही त्याने तिथूनच निस्तरली. तो तोंडदेखलं करत नव्हता. त्याच्या हाताला काम नव्हतं, म्हणून तो यादी घेऊन आला होता.

ही अक्कल माझी नव्हे. केमो देतात त्या डे-केअरच्या मजल्यावर, लिफ्टच्या शेजारी एक खोली होती. पाटीवर ‘पॅलिएटिव्ह केअर आणि समुपदेशन’. मी ती पाटी सुरुवातीपासून पाहत होते आणि तिच्यासमोरून जाताना पावलं उचलत होते, कारण पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटचं, हात टेकल्यावरचं, असं डोक्यात पक्कं होतं. तसं ते नाही. वेदना, मळमळ, झोप, घरच्यांची ओढाताण हे सगळं उपचार चालू असतानाच बघायचं, हे त्यांचं काम. बोस्टनमधल्या डॉक्टरांनी २०१० साली फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा अभ्यास छापला होता. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून ही जोड मिळाली त्यांचे दिवस बरे गेले, आणि त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले; ज्यांना मिळाली नाही त्यांच्यात हा आकडा ८.९ महिने. हे मला त्या खोलीतल्या बाईंनी सांगितलं. हुद्द्याने त्या वैद्यकीय समाजसेविका. आईला त्यांनी एक थर्मामीटरचं चित्र दिलं, ० ते १०, गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला तिथे खूण करा. चार किंवा त्याच्यावर खूण आली की त्या पुढे विचारपूस करतात. आईने तीनवर केली. मग तोच कागद माझ्यापुढे. मी जरा तोऱ्यात दोनवर खूण केली. त्यांनी सहज विचारलं, “आज वार कोणता?” मी म्हटलं, “नववा.”

त्या हसल्या नाहीत. मलाच आधी हसू आलं आणि मग थांबता येईना.

त्यांनी मला बजावलं ते आजही कानात आहे: मदत मागताना वेळ सांगायची, काम सांगायचं आणि ते कधी संपेल हेही सांगायचं. “गुरुवारी दहा ते एक आईजवळ बसशील? काही करायचं नाही, फक्त बस.” असं विचारलं की माणूस हो म्हणतो नाहीतर नाही म्हणतो, आणि दोन्ही चालतं. मी घरी येऊन अकरा जणांना असे मेसेज केले. तिघांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी हो म्हणून ऐनवेळी टांग दिली. ज्या बाईशी माझं वर्षानुवर्षं ‘कशी आहेस, बरी आहे’ यापलीकडे बोलणं नव्हतं, ती ऑफिसातली सहकारी दर गुरुवारी येऊन बसू लागली. गप्पा मारत नसे. विणकाम करायची. आईला ती फार आवडली. उलट ज्या चुलतभावावर माझी भिस्त होती तो फिरकलाच नाही. मी त्याला मनातून काढूनच टाकलं होतं. खूप उशिरा कळलं की त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर त्याने बायकोला नेऊन आणलं होतं, आणि लिफ्टच्या त्या बटणाला हात लावणं त्याला शक्य होत नव्हतं. हे कळल्यावर राग गेला का? थोडा गेला. थोडा अजून आहे.

त्याच बाईंनी सोबत करणाऱ्यांच्या बैठकीला पाठवलं. मी भिंतीला टेकून, दाराजवळची खुर्ची पकडून बसले, लगेच सटकता यावं म्हणून. एक गृहस्थ सांगत होते, “बायको झोपली की मी खाली जाऊन गाडीत बसतो. जात कुठेच नाही. काचा वर करून नुसता बसतो.” त्यांच्यानंतर एक वयस्क बाई, अगदी सरळ आवाजात, “मला कधीकधी वाटतं, संपावं एकदाचं. आजार संपावा म्हणते की माणूस, ते माझं मलाच कळत नाही.” कुणी दचकलं नाही. कुणी ‘असं बोलू नये’ म्हटलं नाही. शेजारच्याने पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी दोन घोट घेतले, आणि पुढचा माणूस बोलू लागला. मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. पण तीन आठवड्यांपासून जबड्यात जी कळ होती, दातांच्या डॉक्टरांकडे जायला हवं असं जिच्याबद्दल मी म्हणत होते, ती बाहेर पडताना नव्हती.

पण मला सांगायचं होतं ते त्या रात्रीचं.

दुसऱ्या केमोचा अकरावा दिवस. रात्रीचे पावणेतीन. आई नुसतीच “थंडी वाजतेय गं” म्हणाली. थर्मामीटर ३८.४. पुन्हा लावला, ३८.५. भरलेली बॅग दाराशी होतीच, तिचं मला कौतुक वाटत आलं होतं. फोन घेऊन मी ज्याने सगळ्यात मनापासून ‘अर्ध्या रात्री हाक मार’ म्हटलं होतं त्याला हाक मारली. फोन बंद. त्याचा काय दोष? माणसं झोपताना फोन बंद करतात. दुसरा वाजून वाजून थांबला. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी चाळीस मिनिटं सांगितली. मी आईला शालीत गुंडाळून, एका खांद्यावर बॅग, लिफ्टच्या दाराशी उभी. लिफ्ट खालून वर आली आणि आत वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, रात्रपाळी करून परतलेले, हातात गाडीची किल्ली.

या गृहस्थांशी आमचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. त्यांच्या बाथरूममधून आमच्या बाथरूमच्या छतात पाणी गळतं. ते म्हणतात, पाइप सामाईक आहे. आम्ही म्हणतो, फरशी तुमची आहे. सोसायटीच्या सभेत आम्ही एकमेकांना नको ते बोललो होतो. त्यांच्या टोकदार पत्रांची माझ्याकडे फाइल आहे, त्यांच्याकडे माझ्या पत्रांची असणारच. त्यांनी आईकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं आणि म्हणाले, “चला, गाडी अजून गरम आहे.” वाटेत एक शब्द नाही. सिग्नल मात्र त्यांनी दोन तोडले. अशा तापाला अँटिबायोटिक तासाभरात शिरेत जायला हवं असतं; आम्ही दारात पोचलो तेव्हा थर्मामीटर लावून बावीस मिनिटं झाली होती. रक्त तपासलं. इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा काउंट ५०० च्या खाली गेला की धोका. आईचा २०० होता. पहाटे पाचला मी बाहेर आले तर ते बाकावर ताठ बसलेले होते, शर्टाला अजून कंपनीचं ओळखपत्र. म्हटलं, अहो, तुम्ही गेला नाहीत? ते म्हणाले, “पार्किंगची पावती माझ्याकडेच राहिली होती. म्हटलं, तुम्हाला लागली तर?” तिथे माझी गाडी नव्हती. आम्ही दोघांनीही ते लक्षात न आल्यासारखं केलं.

आई सहा दिवसांनी घरी आली. मग लाल औषधाच्या आणखी दोन फेऱ्या, त्यानंतर दर आठवड्याला दुसरं औषध, बारा वेळा. त्याने बोटांची टोकं बधिर होतात. आईला ब्लाउजची हुकं लागेनात. मी लावायला गेले की हात झटकायची. एकदा चिडून म्हणाली, “सगळं तूच करतेस. मला निदान चिडू तरी दे.” तेव्हापासून मी दाराबाहेर उभी राहते. आतून वीस मिनिटं खुडबुड ऐकू येते. घेणाऱ्याचीही दमछाक होते, हे मी त्या दाराबाहेर शिकले. वही बंद करून मी स्वतःची तपासणीही करून घेतली, रक्तदाब वाढलेला निघाला. त्या समाजसेविका बाईंनी याबद्दल पूर्वीच टोकलं होतं. १९९९ सालचा एक अमेरिकन अभ्यास आहे, जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या ६६ ते ९६ वयाच्या लोकांचा. ज्यांना त्या कामाचा ताण जाणवत होता, त्यांच्यात चार वर्षांत मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्के जास्त दिसला. मी सासष्टची नाही आणि आई माझी जोडीदार नाही, असं मी त्यांना तेव्हा मोठ्या शहाणपणाने ऐकवलं होतं.

गेल्या महिन्यात रेडिएशनसाठी नवी फाइल झाली. सोमवार ते शुक्रवार, पंधरा बैठका. पुन्हा तसाच फॉर्म, तशाच दोन ओळी. दुसऱ्या ओळीत मी न थांबता वरच्या गृहस्थांचं नाव आणि नंबर लिहिला. आदल्या संध्याकाळी लिफ्टपाशी गाठून त्यांना विचारलंही होतं, माझा फोन लागला नाही तर तुमचा देऊ का. ते म्हणाले होते, “द्या की. रात्रपाळी असली तर दुपारी दोनपर्यंत झोपतो, पण फोन उशाशी असतो.” नात्याच्या रकान्याशी मात्र पेन घुटमळलं. शेजारी म्हणावं तर ते शेजारी राहत नाहीत, वर राहतात. मित्र तर नाहीच नाही. त्याच आठवड्यात त्यांचं सोसायटीमार्फत पत्र आलं होतं, गळती पाइपाचीच असून दुरुस्तीचा निम्मा खर्च आम्ही उचलावा. काउंटरवर या वेळी दुसरी सिस्टर होती. तिने विचारलं, “नातं काय लिहू?” म्हटलं, “वरच्या मजल्यावरचे.” तिने तसंच्या तसं लिहून घेतलं.

घरी आल्यावर मी ते पत्र आईला वाचून दाखवलं. ती आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होती. डोक्यावर आता बोटाच्या पेराएवढे पांढरे केस आलेत, त्यांच्यावरून हात फिरवायची तिला सवय लागलीय. म्हटलं, उद्याच प्लंबर बोलावते, एकदाचा सोक्षमोक्ष लावते. आतून बादलीत थेंब पडल्याचा आवाज आला. मग दुसरा.

“एवढ्यात नको गं दुरुस्त करूस,” आई डोळे न उघडता म्हणाली. “गळतंय तोवर भांडायला तरी येईल तो.”